उसना हात

पौषातलं धुकं आणि गुऱ्हाळाची वाफ एकदा एकमेकांत मिसळली, की पहाट कुठं सरली आणि सकाळ कुठं लागली हे सांगायची कुणाची बिशाद नाही. साळूबाई चुलवणाच्या उबेला चिपाडाच्या भाऱ्यावर बसली होती आणि तिला वाटत होतं, आपण बसलोच नाही, तरंगतोय. घाण्याचे बैल धुक्यातून यायचे, परत धुक्यात जायचे. मधल्या वेळात नुसती घुंगरंच गोल फिरायची. अशा सकाळी सासरे, नाथाजी आबा, कुठूनतरी "साळू, काकवी चाखलीस का गं?" म्हणत येतील असं तिला हमखास वाटायचं. आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

पण आज आबा आले नव्हते. आबांचा शब्द तेवढा दारात येऊन उभा होता.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी आटपाडीकडचा धनगर बिराप्पा नेहमीसारखा मेंढरं बसवायला आला होता. गावाच्या वरच्या अंगाला आबांचा माळ होता, कुसळाशिवाय काही न उगवणारा. तिथं मेंढरं दुपारची एकाच जागी का बसतात ते बघून बिराप्पा म्हणाला, आबा, हितं पाणी हाय. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, दोन सुगी खपून विहीर खांदली. पाणी लागलं त्या दिवशी आबा काठावर उभे राहून म्हणाले, "बिराप्पा, पाणी तू दावलंस, हीर तू खांदलीस. माळाचा ह्यो तुकडा आजपासनं तुझा. कागद करू सवडीनं." सवड काही झाली नाही. आबा गेले, आणि माळाला पाणी मिळाल्यावर थोरल्या केरबानं तिथं ऊस लावला.

"रविवारी बिरोबाच्या देवळात बसायचं ठरलंय," केरबा चुलवणात चिपाड सारत म्हणाला. साळूबाईचा नवरा तो, आणि आबांच्या माघारी घरचा कारभारी. "आप्पासो पाटील म्हणालं, तिघा भावांतल्या एकानं भंडारा उचलून सांगावं, आबांनी शबुद दिला हुता का न्हवता. एकानं ‘न्हवता’ म्हणून सांगितलं की मिटलं. बिराप्पा बी कबूल झाला. म्हणाला, बिरोबाम्होरं कोण खोटं बोलंल? एवढं बोलला आन् गेला बी मेंढरांकडं."

काहिलीजवळ मधला ज्ञानू झारा घेऊन उभा होता. घरचा गुळव्या तोच. त्यानं वर न बघताच सांगितलं, "माझं नाव घिऊ नगंस दादा. माझी बायकू पोटुशी हाय."

"मी तरी कुठनं उचलू? आबा जाताना माझ्या कानाशी लागून सांगून गेल्यात, बिराप्पाचा कागद करून टाक म्हणून. ऐकलेल्या माणसानं भंडारा उचलला तर घर धुऊन निघंल."

"मग कागद करून टाका की," हे साळूबाईच्या ओठावर आलं होतं. पण त्या तुकड्यावर औंदाचा पहिला ऊस माणसाच्या डोक्यावर गेला होता. तो डोळ्यांपुढं आला आणि शब्द आल्या वाटेनं मागं फिरले. माणसाचं असंच असतं.

केरबा पुढं सरकला. "किस्ना उचलील."

"त्यो? त्यो तर देवच मानत न्हाई."

"म्हणून तर! इचार कर जरा. देव कोप करतो कुणावर? आपल्या माणसावर. किस्ना त्याचा माणूसच न्हाई. देव म्हणंल, ह्यो कुठला कोण, जाऊ दे तिकडं. आन् आपल्या कुणाच्या हाताला हळद बी लागायची न्हाई."

हे इतकं बिनतोड होतं की ज्ञानूनं झारा थांबवून मान डोलावली. पुजाऱ्याला जन्मात सुचलं नसतं ते केरबाला चुलवणापाशी सुचलं होतं. तशी देवाच्या नियमांची केरबाला बारीक माहिती. नैवेद्याच्या ताटाशी कुणी शिंकलं तरी तो ताट बदलायला लावायचा. आणि भंडाऱ्याची रीत तर सगळ्या गावाला पाठ होती: बिरोबाच्या पायांवरची हळद मुठीत घ्यायची, बोलायचं, आणि कपाळाला लावायची. कपाळाला लागली की शब्द देवाच्या पदरात पडला. तोवर तो कच्चा.

उसाची गाडी घेऊन कृष्णात आला तेव्हा धुकं थोडं विरळ झालं होतं. धाकटा दीर, पण साळूबाईच्या लेखी तो दीर नव्हताच. ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा तो पाच वर्षांचा, आई मेलेला, नाक गळणारा पोरगा होता, आणि पहिल्याच रात्री तो तिच्या शालूला बिलगून झोपला होता. पलटणीत गेला, इटलीपर्यंत जाऊन आला, आणि आला तो देव तिकडंच कुठंतरी ठेवून आला. दसऱ्याला तो देव्हाऱ्याकडं पाठ करून जेवायला बसला त्यावरून झालेलं महाभारत अजून भावकीत निवलं नव्हतं. बाकी माणूस होता तसाच.

केरबानं त्याला सगळं समजावून सांगितलं. कृष्णात आधी हसला. मग हसायचा थांबला.

"म्हंजी दादा, मी खोटं बोलू?"

"खोटं कसलं त्यात? तूच म्हणतोस न्हवं, भंडारा म्हंजी नुसती हळद? मग हळद हातात घिऊन माणूस कायबी बोलला तर काय बिघडलं? कालवणात न्हाई का घालत आपुन?"

"हळद नुसती हळदच हाय, दादा," कृष्णात म्हणाला. "पर बिराप्पा बिराप्पा हाय."

"मोठा आलाय शाणा! देव नगं, धरम नगं, आन् वर आमालाच न्याव शिकवतोस व्हय रं? ज्याला देव न्हाई त्याला कसलं आलंय खरं-खोटं?"

कृष्णात बैलांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. केरबाचा आवाज चढला. "रविवारी हात दिलास तर दिलास. न्हाईतर ह्या चुलवणाचं आन् तुझं नातं संपलं. तुझी चूल वायली."

कृष्णात गेल्यावर केरबा तिच्याकडं वळून म्हणाला, "त्यो तुझं ऐकतोय. समजाव जा त्याला."

दुपारी ती भाकरी घेऊन माळावर गेली. त्या दिवशी ऊन पडलंच नाही. धुकं हलत होतं की मेंढरं हलत होती तेच समजेना. आणि त्या पांढऱ्यात लिंबाच्या झाडाला टेकून एक दार उभं होतं. भिंत नाही, घर नाही, नुसतं दार, चौकट, कडी-कोयंड्यासकट. साळूबाई क्षणभर थबकली. आपण झोपेत तर चालत नाही ना, असं तिला वाटून गेलं.

"कराडच्या बाजारात मिळालं," हरणाबाई पालातून बाहेर येत म्हणाली. लोकर पिंजून तिचे हात मऊ झाले होते. "मोडक्या घराचं हाय. घोडीवर घालून आनलं. म्हातारा म्हणतोय, आधी दार उभं करू, मग भिंती येतील मागनं. माझा जलम पालात गेला बघा, साळूबाई. पालाला दार नसतंय. एकदा आपलं दार आपुन लावून निजावं, एवढीच हौस हाय. रविवारी हुईल न्हवं सगळं?"

"हुईल की," साळूबाई म्हणाली, आणि तिथून जवळजवळ पळालीच.

कृष्णात विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता. तिनं भाकरी पुढं केली. दोन घास खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "दादानं धाडलं न्हवं तुला?"

"धाडलं. पर मी माझ्या पायानं आलीया. घर फुटाया नगं, एवढंच मला." ती त्याच्या शेजारी बसली. "मला एक सांग, किस्ना. आमी खोटं बोलत न्हाई, कारण देवाचं भ्या. तुला देव न्हाई. मग तुला अडवतंय तरी कोण?"

त्यानं विहिरीत डोकावून बघितलं. पाण्यावरही धुकं उतरलं होतं.

"जाताना तू मला भंडाऱ्याची पुडी दिलीतीस. आठवतंय? लय दिस खिशात हुती. तिकडं एका डोंगरावर खटावचा जोतीराम माझ्याबरुबर हुता. एकदा त्याला रात्रपाळीची टेहळणी आली. भ्याला. म्हणाला, गड्या, तुझी पुडी दे आजच्यापुरती. दिली. त्यो आलाच न्हाई परत. ज्याच्याजवळ पुडी हुती त्यो गेला, बिनपुडीचा मी ऱ्हायलो. लोकास्नी वाटतंय, मी देवावर रुसलोय. रुसायला त्यो असाया तर पायजे. मी हाका मारून बघितल्या वैनी, त्यो न्हवताच."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. पुडी तिनंच बांधली होती.

"तवा मी लय भ्यालो," कृष्णात सांगत राहिला. "वाटलं, आता मी कायबी करीन. चोरी करीन, कुणाचा गळा कापीन. इचारणारं कोण हाय? वाट बघत बसलो, काय हुतंय म्हणून. कायबी झालं न्हाई. सकाळी त्या मुलखातली एक म्हातारी पाणी मागाया आली. माझ्याजवळ घोटभरच हुतं. दिलं की मी."

"मग?"

"मग तुझी आठवण झाली. काकवीची."

तिलाही झाली. काकवीचं मडकं उपडं झालं होतं आणि आबा ज्ञानूला बडवत होते. कुणी बघितलं नव्हतं. तिनं पाच वर्षांच्या कृष्णातला मांडीवर घेतलं होतं, आणि थोड्या वेळानं तो स्वतःच आबांपुढं जाऊन उभा राहिला होता, "मीच सांडली" म्हणून.

"तू देवाचं नाव घेतलं न्हवतंस, वैनी. देव बघतोय, डोळं फुटतील, असलं कायबी न्हाई. ‘किस्ना, मला खरं सांग’ एवढंच म्हणालीस. मला. तुला खोटं सांगवंना मला. माझं तवापासनं तेवढ्यावरच चाललंय. इचारणारं माणूस म्होरं असलं की बास." तो तिच्याकडं वळला. "पर माझ्या शबुदाला गावात कोण धरणार? पाणी लागलं त्या दिशी हितं आबा हुतं, बिराप्पा हुता, मी हुतो. आनखी कुणी ऐकलं असंल का? आठव जरा."

साळूबाईच्या डोळ्यांपुढं तो दिवस लख्ख उभा राहिला. उपसलेल्या मातीचा ढीग, ढिगाआड ती, डोक्यावर भाकरीची पाटी. आबांचा आवाज. हा तुकडा आजपासनं तुझा. एकेक अक्षर. मग डोळ्यांपुढं ऊस आला, केरबाचं तोंड आलं, वेगळी चूल आली.

"मला काय ठावं?" ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. त्यानं विश्वास ठेवला. हेच तिला सोसेना. शंका घेतली असती, रागावला असता, तर बरं झालं असतं बाई, असं तिला घरी येईतोवर वाटत राहिलं.

रविवारी देवळापुढं गाव जमलं. माणसं धुक्यातून एकेक करून उगवत होती. बिरोबाचं देऊळ म्हणजे चार दगडी खांब आणि वर फाटके पत्रे. पण आत देवाच्या पायांशी भंडाऱ्याचा ढीग असा पिवळाजर्द, की उजेड तिथूनच येतोय असं वाटावं. आप्पासो पाटील पायरीवर बसले. बिराप्पा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मागं हरणाबाई. केरबानं कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच पुढं ढकललं.

"बोल किस्ना," पाटील म्हणाले. "भंडारा घे आन् बोल."

कृष्णातनं भंडारा घेतला नाही. तो लोकांकडं तोंड करून उभा राहिला. "आबांनी शबुद दिलता. माळाचा तुकडा बिराप्पाचा हाय. मी हुतो तिथं."

केरबाचा हात हवेतच राहिला. गावात कुजबूज उठली. पाटलांनी हात वर केला. "बरं. मग हेच भंडारा उचलून सांग."

"न्हाई, पाटील."

"का रं? खरंच बोलतोस न्हवं?"

"खरंच बोलतोय. पर भंडारा उचलला की तुमी माझ्या शबुदावर न्हाई, माझ्यातल्या देवावर इस्वास ठेवशीला. त्यो माझ्याजवळ न्हाई. न्हाई ते हाय म्हणून दावायचं, म्हंजी खरं सांगताना बी खोटंच की."

साळूबाईनं कपाळाला हात लावला. अरे कर्मा! खोट्यासाठी उचलत नव्हता ते समजलं. आता खऱ्यासाठीही उचलत नाही! लहानपणी असाच होता. तापात काढा प्यायचा, पण कडू काढ्याला कधी गोड म्हणायचा नाही.

"भंडाऱ्याबिगर शबुद म्हंजी वारा," पाटील म्हणाले. त्यांचाही नाइलाज दिसत होता. "देव न मानणाऱ्याचं बोलणं कशावर धरायचं आमी?"

केरबाला वाट सापडली. "बघा, बघा मंडळी! खरं असतं तर उचलला असता. धनगरानं भरीस घातलंय त्याला!"

बिराप्पानं काठीवरची हनुवटी उचलली. तो कृष्णातकडं बघून म्हणाला, "पोरा, तू खरं बोललास. मला कळलं. पर मी बिरोबाला शबुद दिलाय, माझ्या बाजूनं भंडारा झाला तर ऱ्हाईन, न्हाईतर जाईन." तो वळला. हरणाबाईनं माळाच्या दिशेनं बघितलं, जिथं धुक्यात तिचं दार उभं होतं. मग तीही वळली.

त्या दोघांच्या पाठी धुक्यात पुसट होत चालल्या. कृष्णात हात लोंबते सोडून उभा होता. त्याचं तोंड साळूबाईनं बघितलं, आणि ते पाच वर्षांचंच होतं.

आपण केव्हा उठलो, बायकांतून वाट कशी काढली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. तिचा हात भंडाऱ्यात गेला. हळद गार होती. मूठ भरून ती वळली.

"थांबा बिराप्पा!" ती ओरडली. सासरच्या गावात तिनं आवाज चढवायची ती पहिलीच वेळ. "मी हुते. मातीच्या ढिगाआड हुते, भाकरी घिऊन. आबा म्हणालं, पाणी तू दावलंस, हीर तू खांदलीस, माळाचा ह्यो तुकडा आजपासनं तुझा. कागद करू सवडीनं म्हणालं. एकेक अक्षर ऐकलंय मी." मग तिनं कृष्णातकडं बघितलं. "माळावर तू मला इचारलंस, आन् मी खोटं सांगितलं. तुला खोटं सांगितलं मी, किस्ना."

पाटील पायरीवरून उठले, देवाला हात जोडले. "झालं. थोरल्या सुनंनं, घरच्याच माणसानं, भंडारा उचलला. तुकडा बिराप्पाचा." हरणाबाई तिथंच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. केरबा साळूबाईकडं बघत होता. तिच्या तोंडाकडं नाही, तिच्या मुठीकडं. त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं. आणि तो गुऱ्हाळाच्या वाटेला लागला.

साळूबाई मागून गेली. दुसरं कुठं जाणार? घुंगरं फिरत होती, काहील उकळत होती, जणू गावात काही झालंच नव्हतं. केरबा चुलवणापुढं उकिडवा बसला होता. ती त्याच्यापासून हातभर लांब उभी राहिली. आता काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"मूठ उघड," तो म्हणाला.

तिनं खाली बघितलं. उजवी मूठ अजून आवळलेलीच होती. बोटं सुटता सुटेनात. उघडली तेव्हा तळव्यात भंडारा घामानं भिजून घट्ट बसला होता, होता तेवढा सगळा. तिचा दुसरा हात आपोआप कपाळाकडं गेला. कपाळावर सकाळचं कुंकू होतं, दुसरं काही नव्हतं.

"आगं बाई! लावायचाच ऱ्हायला!"

"लावला न्हाईस, म्हंजी शबुद देवाच्या पदरात पडलाच न्हाई. कच्चाच ऱ्हायला. एवढ्या गावात कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मला तिथंच दिसलं हुतं."

"खरं सांगू?" तिचा आवाज बारीक झाला. "बोलताना मला देव आठवलाच न्हाई, आवं. समोर किस्नाच दिसत हुता." मग तिला एकदम उमगलं आणि ती त्याच्याकडं बघत राहिली. "तुमाला दिसलं हुतं, तर बोललासा का न्हाई? एक शबुद बोलला असतासा तर सगळं फिरलं असतं."

केरबानं चुलवणात चिपाड सारलं. ते पेटेपर्यंत तो थांबला.

"बोलणार हुतो," तो म्हणाला. "तोंड उघडलं बी हुतं. मग मनात आलं, किस्नाला देव न्हाई. तुला आठवला न्हाई. त्या वक्ताला देवळात देवाजवळ मी एकलाच हुतो, आन् मीच खोटा." त्यानं डोळे पुसले. धूर लागला असेल. "मला लाज वाटली गं."

तेवढ्यात ज्ञानू काहिलीपासून ओरडला, "दादा, गूळ आला! लवकर उतरवा, न्हाईतर करपतोय!" काहील उतरवायला चार माणसं लागतात. ज्ञानू होता, गडी होता, केरबा उठला. वाफेच्या पलीकडं, उसाच्या गाडीपाशी कृष्णात उभा होता. आत यावं की येऊ नये, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

केरबानं दांडा कडीत घातला, एक बाजू खांद्यावर घेतली, आणि मागं न बघताच हाक मारली, "किस्ना, खांदा दे रं."